मॅक्रोमध्ये विखुरलेल्या रेंज एकत्र कशा करायच्या: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

मार्च ते मे हे काजूचे महिने. गोव्यात सत्तरी-डिचोलीकडच्या कुठल्याही खरेदीदाराच्या संगणकावर या दिवसांत एक एक्सेल फाइल फुगत असते: तारीख, गाव, नाव, किलो, दर, रक्कम आणि शेवटी शेरा. हंगाम संपला की कुणीतरी तुमच्याकडे येऊन सांगतं, "शेऱ्यात 'रद्द' लिहिलंय ना, तेवढ्या ओळी काढून टाक." ओळी असतात सातवी, आठवी, पंधरावी, तेविसावी आणि अशाच पुढे पानभर पसरलेल्या. हाताने काढायला बसलात तर दुपार जाते. मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप करून घ्यायच्या कामाच्या आज्ञा, लिहायला बसलात तर पहिला प्रश्न येतो तो हाच, की लांब लांब असलेल्या या ओळी एकदम पकडायच्या कशा.

त्याचं उत्तर म्हणजे एक्सेलच्या व्हीबीएमधलं, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेतलं, युनियन. शिकायला सोपं, पण त्याच्या आजूबाजूला खड्डे बरेच. ते कुठे आहेत हे आधीच कळावं म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. युनियन म्हणजे सेल मर्ज करणं नव्हे. मर्ज केलं की पानावरचे सेल खरोखर एक होतात आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला मजकूर सोडून बाकीचा जातो. युनियन पानाला हातही लावत नाही. ते फक्त मॅक्रोला सांगतं, "हे, हे आणि ते, या सगळ्यांना मिळून एक नाव." पुढे त्या नावावर काय करायचं ते तुम्ही ठरवता.

लागणारं साहित्य

- संगणकावर बसवलेलं एक्सेल. मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालत नाही.
- मूळ फाइलची वेगळी प्रत. मॅक्रोने केलेलं काम कंट्रोल-झेडने परत येत नाही, त्यामुळे ही अट ऐच्छिक समजू नका. मे महिन्यात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेही आहेच.
- फाइल एक्सएलएसएम प्रकारात साठवलेली. साध्या एक्सएलएसएक्समध्ये साठवलीत तर मॅक्रो गळून पडतो.
- आल्ट-एफ११ दाबून उघडणारा एडिटर आणि त्यात कंट्रोल-जी दाबून उघडणारी इमिजिएट खिडकी. ही खिडकी उघडी ठेवूनच काम करा.

फाइल तुम्हाला ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असेल तर मॅक्रो अडवला जाण्याची शक्यता आहे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. फाइल बंद करा, तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि खाली अनब्लॉकवर खूण करा. अर्थात फाइल कुणाची आहे हे ठाऊक असेल तरच.

कोड वाचण्याआधी

या लेखातला कोड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. एडिटरमध्ये तो रोमन अक्षरांत आणि साध्या इंग्रजी आकड्यांत टाइप करायचा. स्पेलिंगची धास्ती नको. आज्ञेची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून कंट्रोल-स्पेस दाबलं की एडिटर बाकीचं पूर्ण करतो. पान, गोळा, शब्द, शेवट, भाग ही नावं मी ठेवलेली आहेत, तुम्हाला हवी ती द्या.

पण तीही रोमनमध्येच हवीत, आणि इथेच आपल्या लोकांना पहिला झटका बसतो.

१. 'रद्द' हा शब्द कोडमध्ये लिहू नका, सेलमध्ये लिहा

व्हीबीएचा एडिटर जुन्या घडणीचा आहे. एक्सेलच्या सेलमध्ये देवनागरी छान दिसते, पण तोच शब्द एडिटरमध्ये चिकटवला की त्याची प्रश्नचिन्हं होतात. मॅक्रो मग 'रद्द'ऐवजी प्रश्नचिन्हं शोधत फिरतो, त्याला काही सापडत नाही आणि एररही येत नाही. इंग्रजीतल्या धड्यांत ही अडचण आढळणार नाही, कारण ती त्यांना येतच नाही.

सोपा उपाय असा: पानाच्या एका कोपऱ्यातल्या सेलमध्ये, समजा के१ मध्ये, 'रद्द' लिहून ठेवा. मॅक्रोने तो शब्द तिथून वाचायचा. उद्या 'रद्द'ऐवजी 'बाकी' शोधायचं झालं तर कोडला हात न लावता के१ बदलला की झालं. ज्याला कोड येत नाही तोही हे करू शकतो.

दुसरा मार्ग सीएचआरडब्ल्यू या फंक्शनचा. 'रद्द' या शब्दात संगणकाच्या लेखी चार खुणा आहेत: र म्हणजे २३५२, द म्हणजे २३४२, हलन्त म्हणजे २३८१ आणि पुन्हा द म्हणजे २३४२. त्या चार आकड्यांतून शब्द जोडता येतो. चालतं, पण सहा महिन्यांनी तो कोड उघडणाऱ्याचे हाल. के१ बरा.

पानांच्या नावांनाही हेच लागू. पानांना साखळी, वाळपई, पेडणे अशी नावं दिली असतील तर कोडमध्ये ती लिहिता येणार नाहीत. पानाचा क्रमांक वापरा, किंवा एडिटरच्या डाव्या बाजूला दिसणारं पानाचं कोडनेम वापरा. वापरणाऱ्याला दाखवायच्या संदेशाच्या चौकटीतही देवनागरी उमटत नाही, म्हणून 'काम झालं' हे एखाद्या सेलमध्येच लिहून दाखवलेलं बरं.

जुन्या फाइलींत आणखी एक भानगड असते. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेली वही डोळ्यांना मराठी दिसते, पण सेलमध्ये खरं तर वेगळीच अक्षरं असतात. अशा सेलवर क्लिक करून फॉन्ट बदलून पाहा. अक्षरांचा कचरा झाला तर ती फाइल आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल. तोवर कुठलीच तुलना जुळणार नाही.

आणि माणसांचं लिहिणं! एकाने 'रद्द' लिहिलं, दुसऱ्याने 'कॅन्सल', तिसऱ्याने तेच रोमनमध्ये. गावाच्या रकान्यात कुणी साखळी लिहितं, कुणी पोर्तुगीज वळणाचं सांकेली. मॅक्रोच्या दृष्टीने हे सगळे वेगवेगळे शब्द. शेऱ्याच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा आणि पुढच्या हंगामापासून निवडूनच भरायला लावा. कितीही चलाख मॅक्रो लिहिलात तरी हे काम टळत नाही.

२. आधी साधं जोडून पाहा

दोन रेंज, म्हणजे सेलचे दोन गट, जोडण्याची सगळ्यात छोटी ओळ अशी:

सेट गोळा = युनियन(पान.रेंज("डी२:डी४०"), पान.रेंज("एफ२:एफ४०"))

किलो आणि रक्कम हे दोन रकाने आता 'गोळा' या एका नावाखाली आले. मधला दराचा रकाना त्यात नाही. कंसात कमीत कमी दोन रेंज लागतात आणि एका वेळी जास्तीत जास्त तीस देता येतात.

सुरुवातीचं 'सेट' विसरू नका. रेंज ही वस्तू आहे, आकडा नव्हे. वस्तू नावाला बांधायची तर सेट लागतंच. ते सुटलं की एरर ९१ येतो आणि त्यातल्या मजकुरावरून नेमकं काय चुकलं ते नवख्याला कळत नाही.

पत्ते ठरलेले असतील तर युनियनशिवायही काम होतं: पान.रेंज("डी२:डी४०,एफ२:एफ४०"). इथे स्वल्पविराम अवतरणचिन्हांच्या आत आहे, हे नीट पाहा. आता तोच स्वल्पविराम बाहेर गेला तर काय होतं बघा: पान.रेंज("डी२:डी४०", "एफ२:एफ४०"). एक्सेल याचा अर्थ घेतं 'या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत', आणि डी२ ते एफ४० हा सलग चौकोन उचलतं. दराचा रकाना नकळत आत आला. रंग द्यायचा असेल तर फारसं बिघडत नाही. मजकूर पुसायचा असेल तर अख्ख्या हंगामाचे दर गेले. दोन अवतरणचिन्हांच्या जागेवरून एवढा फरक पडतो, आणि एररचा पत्ता नसतो.

पत्त्यांची माळ करून रेंजला देण्याचा मोह आवरा. ही माळ २५५ अक्षरांच्या पुढे गेली की १००४ हा एरर येतो. पाच-पन्नास ओळींवर चाचणी करताना सगळं सुरळीत चालतं आणि खऱ्या फाइलवर कोसळतं. पत्ते आधी ठाऊक नसतील तर युनियनच वापरा.

३. ओळी गोळा करा, मग एकदाच काढा

आता मुख्य काम. नवखा माणूस साधारणपणे असं करतो: वरून खाली जायचं, 'रद्द' दिसला की ओळ काढायची, पुढे जायचं. यात सातवी ओळ काढली की आठवी वर सरकून सातवी होते, आणि मॅक्रो तर आठव्यावर जातो. म्हणजे लागोपाठच्या दोन 'रद्द' ओळींपैकी दुसरी सुटते. खालून वर गेलं की हे टळतं, पण प्रत्येक ओळीला एक्सेल सगळं पान पुन्हा मांडतं आणि मोठ्या फाइलवर तुमचा चहा थंड होतो.

युनियनची खरी किंमत इथे कळते. फिरताना काहीच काढायचं नाही, नुसतं गोळा करायचं. शेवटी एका आज्ञेत सगळं.

ऑप्शन एक्सप्लिसिट

सब रद्दओळी()
डिम पान अ‍ॅज वर्कशीट
डिम गोळा अ‍ॅज रेंज
डिम शब्द अ‍ॅज स्ट्रिंग
डिम शेवट अ‍ॅज लाँग, आय अ‍ॅज लाँग

सेट पान = धिसवर्कबुक.वर्कशीट्स(१)
शब्द = ट्रिम(पान.रेंज("के१").व्हॅल्यू)
इफ शब्द = "" देन एक्झिट सब
शेवट = पान.सेल्स(पान.रोज.काउंट, १).एंड(एक्सएलअप).रो

फॉर आय = २ टू शेवट
इफ ट्रिम(पान.सेल्स(आय, ७).व्हॅल्यू) = शब्द देन
इफ गोळा इज नथिंग देन
सेट गोळा = पान.रोज(आय)
एल्स
सेट गोळा = युनियन(गोळा, पान.रोज(आय))
एंड इफ
एंड इफ
नेक्स्ट आय

इफ नॉट गोळा इज नथिंग देन गोळा.डिलीट
एंड सब

यातल्या काही ओळी उगाच लिहिलेल्या वाटतील. एकही काढू नका. का, ते सांगतो.

'गोळा इज नथिंग' ही तपासणी हवीच. सुरुवातीला गोळा रिकामा असतो आणि युनियनला रिकामी वस्तू चालत नाही, ते एरर ५ देऊन थांबतं. म्हणून पहिली ओळ नुसती ठेवायची आणि दुसरीपासून जोडायचं. मॅक्रो लिहिणाऱ्यांच्या हातात हा नमुना इतका बसलेला असतो, की तो ते न पाहता लिहितात.

शेवटची तपासणीही तशीच. एकही 'रद्द' सापडला नाही तर गोळा रिकामाच राहतो, आणि रिकाम्या गोळ्यावर डिलीट चालवलं की एरर ९१.

के१ रिकामा असेल तर बाहेर पडा, ही ओळ तर सगळ्यात मोलाची. ती नसेल आणि कुणी के१ पुसून ठेवला असेल, तर मॅक्रो रिकामा शेरा असलेल्या सगळ्या ओळी गोळा करेल. म्हणजे रद्द न झालेली सगळी खरेदी.

आय आणि शेवट लाँग ठेवलेत, इंटिजर नाही. इंटिजर ३२,७६७ च्या पुढे जात नाही आणि एक्सेलच्या पानात २००७ पासून १०,४८,५७६ ओळी मावतात. ट्रिम आहे कारण 'रद्द' लिहून वर एक स्पेस दाबण्याची सवय बऱ्याच बोटांना असते.

४. गोळ्यात डोकावून पाहा

पहिल्या वेळी डिलीटची ओळ तशीच चालवू नका. तिच्या जागी डीबग.प्रिंट गोळा.अ‍ॅड्रेस लिहा आणि इमिजिएट खिडकीत काय येतं ते वाचा. सातवी, आठवी, पंधरावी आणि तेविसावी ओळ 'रद्द' असेल तर असं दिसेल:

$७:$८,$१५:$१५,$२३:$२३

चार ओळी जोडल्या, पण तुकडे तीनच. सातवी आणि आठवी शेजारी असल्याने एक्सेलने त्यांचा एक तुकडा केला. या तुकड्यांना व्हीबीएत एरियाज म्हणतात.

आता त्याच खिडकीत गोळा.रोज.काउंट छापून पाहा. चार यायला हवेत ना? येतात दोन.

नवख्यांचे सगळ्यात जास्त तास इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबतो. जोडलेला गोळा म्हणजे काजूबियांची पोती भरलेली गाडी. गाडी एकच, पण पोती वेगवेगळी आहेत, आणि एक्सेलच्या बऱ्याच आज्ञा फक्त पहिलं पोतं उघडून उत्तर देतात. रोज.काउंट त्यातलीच: पहिला तुकडा सात-आठ, म्हणून दोन. कॉलम्सचंही तेच. व्हॅल्यू वाचून अ‍ॅरेत (मॅक्रोच्या आतल्या किमतींच्या यादीत) भरलीत तर पहिल्याच तुकड्याच्या किमती येतात, बाकीचे तुकडे गुपचूप गळतात. गोळा.सेल्स(५) असा क्रमांक मागितलात तर तोही पहिल्या तुकड्यापासून मोजला जातो आणि त्या तुकड्याच्या बाहेर, भलत्याच सेलवर जाऊ शकतो.

उलट काही गोष्टी सगळ्या तुकड्यांवर नीट चालतात. रंग देणं, ठळक करणं, मजकूर पुसणं, एकच किंमत सगळीकडे लिहिणं, काढून टाकणं हे सगळं चालतं. वर्कशीटफंक्शनमधलं सम तुकड्यांची बेरीज बरोबर देतं. पण काउंटइफ तुकडे घेत नाही, तिथे एरर येतो. फॉर ईच लावून एकेक सेल घेतलात तर सगळे तुकडे फिरून होतात.

ओळी मोजायच्या तर असं:

एकूण = ०
फॉर ईच भाग इन गोळा.एरियाज
एकूण = एकूण + भाग.रोज.काउंट
नेक्स्ट भाग

दोन, एक, एक मिळून चार. हा आकडा एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवा. शेऱ्याच्या रकान्याला फिल्टर लावून 'रद्द' किती दिसतात ते मोजा आणि ताडून पाहा. आकडे जुळले तरच डिलीटची ओळ परत आणा.

गोळा.काउंट मात्र सेल मोजतं, ओळी नव्हेत. अख्ख्या चार ओळी म्हणजे चार गुणिले १६,३८४ रकाने, ६५,५३६ सेल. अख्ख्या ओळी १,३१,०७२ झाल्या की हा आकडा लाँगमध्ये मावत नाही आणि काउंट ओव्हरफ्लो देतं. तेव्हा काउंटलार्ज वापरायचं. काजूच्या वहीत ही वेळ यायची नाही, पण पूर्ण रकाने जोडणाऱ्यांवर येते.

५. दोन पानं एका गोळ्यात येत नाहीत

साखळीचं पान वेगळं, वाळपईचं वेगळं, पेडण्याचं वेगळं अशी फाइल असेल तर सगळ्या पानांतल्या 'रद्द' ओळी एकाच गोळ्यात भरायचं मनात येणारच. ते होत नाही. युनियनमधल्या सगळ्या रेंज एकाच पानावरच्या असाव्या लागतात, नाहीतर १००४.

पानांवरून फिरा आणि प्रत्येक पानाचा गोळा वेगळा करा. मात्र नव्या पानावर जाताना पहिलं काम हे:

सेट गोळा = नथिंग

हे राहिलं तर गोळ्यात मागच्या पानाच्या ओळी तशाच असतात, नव्या पानाची पहिली ओळ जोडायला गेलं की १००४ येतो, आणि तुम्ही मात्र युनियनच्या ओळीकडे बघत बसता. ती ओळ बरोबरच असते.

याच्याच जवळचा दुसरा खड्डा: पान.रेंज(सेल्स(२, ४), सेल्स(४०, ४)) असं लिहिणं. बाहेर पान लिहिलं, आतल्या सेल्सना नाही लिहिलं. साध्या मॉड्यूलमध्ये (एडिटरमधल्या कोड लिहायच्या पानात) असे सेल्स चालू पानाचे धरले जातात. तुम्ही साखळीच्या पानावर उभे असताना वाळपईचा मॅक्रो चालवलात की मोडतं आणि वाळपईच्या पानावर उभे असताना चालतं. 'कधी चालतं, कधी नाही' अशी तक्रार कानावर आली की मी आधी हेच शोधतो. रेंज आणि आतले दोन्ही सेल्स, अशा तिन्ही ठिकाणी आधी पान लिहायचं.

६. एकमेकांवर चढलेल्या रेंज

समजा दोन अटी आहेत: शेऱ्यात 'रद्द', किंवा किलोच्या रकान्यात शून्य. एका फेरीत शेऱ्याचे सेल गोळा केले, दुसऱ्या फेरीत किलोचे, आणि शेवटी गोळा.एंटायररो.डिलीट. एखाद्या ओळीत दोन्ही अटी लागू असतील तर तीच ओळ दोन तुकड्यांतून येते, आणि एकावर एक चढलेल्या निवडीवर ही आज्ञा चालत नाही असं सांगून एक्सेल हात वर करतं.

उपाय साधा. दोन्ही अटी एकाच फेरीत तपासा आणि प्रत्येक वेळी ओळच जोडा, त्या त्या रकान्यातला सेल नको. वर दिलेल्या मॅक्रोत पान.रोज(आय) आहे ते त्यासाठीच. रेंज एकमेकांवर चढण्याची शक्यता असेल तिथे काउंटच्या आकड्यावरही विसंबू नका, सामायिक सेल दुहेरी मोजले जाऊ शकतात. चढलेत की नाही हे इंटरसेक्टने कळतं: दोन रेंज त्याला द्या, सामायिक भाग नसेल तर नथिंग मिळतं.

७. तुकडे कॉपी करताना

गाव आणि रक्कम एवढे दोनच रकाने नव्या पानावर हवेत, तर बी२:बी४० आणि एफ२:एफ४० जोडून कॉपी करता येतात. दोन्हींच्या ओळी सारख्या आहेत म्हणून. चिकटवल्यावर मधली जागा राहत नाही, ते शेजारी-शेजारी बसतात. बऱ्याचदा आपल्याला तेच हवं असतं. पण एक तुकडा बी२:बी४० आणि दुसरा एफ५:एफ१२ असा असेल तर एक्सेल नकार देतं. तेव्हा एरियाजवर फिरून एकेक तुकडा कॉपी करायचा, दुसरा इलाज नाही.

८. मोठ्या फाइलवर

काही शे तुकड्यांपर्यंत हे सगळं झरझर चालतं. तुकडे हजारोंत गेले की युनियन स्वतःच जड होतं, कारण दर वेळी त्याला आधीच्या सगळ्या तुकड्यांसकट नवा गोळा बांधावा लागतो. मग असं करा: फेरी खालून वर न्या, आणि गोळा.एरियाज.काउंट पाचशेच्या पुढे गेलं की तेवढा गोळा काढून टाका, पुन्हा नथिंग करा, पुढे चला. खालच्या ओळी गेल्याने वरच्यांचे क्रमांक बदलत नाहीत, त्यामुळे काही सुटत नाही. फेरी संपल्यावर उरलेल्या गोळ्यासाठी शेवटची डिलीटची ओळ तशीच ठेवा.

आणि खरं सांगायचं तर इतक्या मोठ्या फाइलला युनियन हवंच असं नाही. ऑटोफिल्टर लावून, स्पेशलसेल्सने फक्त दिसणाऱ्या ओळी घेऊन त्या काढणं बहुतेक वेळा जास्त सोपं पडतं. स्पेशलसेल्सला काही सापडलं नाही तर ते रिकामं देत नाही, थेट १००४ देतं, एवढं सांभाळा. एक्सेल २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत त्याला ८,१९२ तुकड्यांची मर्यादा होती, ती २०१० मध्ये गेली. जुन्या संगणकावर जुनं एक्सेल असेल तर लक्षात असू द्या.

९. लिबरऑफिस किंवा गूगल शीट्स असेल तर

लिबरऑफिस कॅल्कच्या बेसिकमध्ये युनियन नाही. तिथे आधी एक रिकामी टोपली मागवायची आणि तिच्यात पत्ते टाकत जायचं:

टोपली = धिसकाँपोनंट.क्रिएटइन्स्टन्स("कॉम.सन.स्टार.शीट.शीटसेलरेंजेस")
टोपली.अ‍ॅडरेंजअ‍ॅड्रेस(रेंज१.रेंजअ‍ॅड्रेस, फॉल्स)
टोपली.अ‍ॅडरेंजअ‍ॅड्रेस(रेंज२.रेंजअ‍ॅड्रेस, फॉल्स)

शेवटच्या फॉल्सच्या जागी ट्रू दिलं तर शेजारचे पत्ते एकत्र केले जातात. पहिल्या रेंजसाठी वेगळी तपासणी लागत नाही, कारण टोपली रिकामी असली तरी अस्तित्वात असते. सेलबॅककलर बदलला की सगळ्या तुकड्यांना रंग लागतो. मात्र ओळी काढण्याची आज्ञा या टोपलीला नाही, त्या पानाच्या रोजमधून रिमूव्हबायइंडेक्सने, खालून वर जात काढाव्या लागतात. मोजणी शून्यापासून, आणि गेटसेलबायपोझिशनमध्ये आधी रकाना, मग ओळ. एक्सेलच्या सेल्समध्ये आधी ओळ, मग रकाना. इकडून तिकडे जाणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते. मराठी माणसाला एक सोय मात्र आहे: लिबरऑफिसच्या एडिटरमध्ये अवतरणचिन्हांत 'रद्द' सरळ देवनागरीत लिहिता येतं.

गूगल शीट्समध्ये गेटरेंजलिस्ट आहे. त्याला पत्त्यांची यादी द्यायची आणि मिळालेल्या रेंजलिस्टवर रंग देणं, पुसणं वगैरे करायचं.

१०. एरर आला तर आधी इथे पाहा

९१: सेट राहिलं, किंवा गोळा रिकामाच आहे.

५: युनियनच्या कंसात एक वस्तू नथिंग आहे.

१००४: बहुतेक वेळा दोन पानांची सरमिसळ. ती नसेल तर २५५ अक्षरांपेक्षा लांब पत्ता, एकमेकांवर चढलेल्या ओळी, किंवा स्पेशलसेल्सला काही न सापडणं. एकाच क्रमांकाखाली एवढ्या गोष्टी येत असल्याने मॅक्रो एफ८ने एकेक ओळ पुढे नेत, अडकलेल्या जागी गोळा.पेरंट.इंडेक्स छापून पाहा. ते ज्या पानाचा क्रमांक दाखवतं तेच पान तुमच्या मनात होतं का, एवढं तपासलं तरी बहुतेक गुंता सुटतो.

१३: शेऱ्याच्या रकान्यात कुठेतरी सूत्राने एरर टाकला आहे, आणि ट्रिमला तो पचत नाही. तुलनेच्या आधी इझएररची तपासणी वेगळ्या ओळीवर लावा. एकाच इफमध्ये अँडने जोडलीत तर उपयोग नाही, व्हीबीए दोन्ही बाजू तपासतंच.